करिदिनाचा दावा

माझी पद्माआत्या पंचांग बघितल्याशिवाय कात्री हातात घेत नाही. साडीला फॉल लावायचा आणि बिडिंग करायचं एवढंच तिचं काम, त्यात कात्रीचा संबंध तो किती. तरी मंगळवारी फॉलचं नवं कापड कापायचं नाही आणि अमावास्येला कुणाची लग्नाची साडी शिवायला घ्यायची नाही, हे तिचं ठरलेलं. लहरीपुऱ्यातल्या साड्यांच्या दुकानांतून तिच्याकडे गठ्ठे येतात, तेही वार बघून येतात. आमचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते. शत्रू समोर आल्यावर ते पंचांग काढून बसायचे का, असं मी तिला चिडवायचे. ती सुईतून दोरा ओवत म्हणायची, "बसत असतील, म्हणून तर वाचले आणि तू जन्मलीस."

त्यातून आम्ही बडोद्याचे मराठी. आम्हाला वाईट दिवस दोन्हीकडचे लागतात. पितृपक्ष आमचा आणि कमुरता गुजरात्यांचा. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंतच्या त्या महिन्यात गुजराती माणूस घर बदलत नाही, लग्न करत नाही, गाडी घेत नाही. आधी आम्ही ते शेजारधर्म म्हणून पाळलं असेल, आता आपलंच असल्यासारखं पाळतो. शिवाय संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमचा स्वतःचा करिदिन असतोच. त्या दिवशी नवं काही सुरू करायचं नाही. हे सगळे दिवस वजा केल्यावर वर्षाचे किती उरतात ते मी कधी मोजलं नव्हतं. एका माणसाने मात्र नीट मोजलं होतं.

आत्याचं घर बडोद्याच्या वाडी भागात, एका पोळात, म्हणजे जुन्या चिंचोळ्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. दीड खोली. लग्न होऊन ती तिथे आली त्याला चौतीस वर्षं झाली. तिचे यजमान सुभानराव छापखान्यात होते. ते गेले, मूलबाळ नव्हतं, तरी आत्या तिथेच राहिली. घरमालकांशी सगळा व्यवहार तोंडी. भाडं त्यांच्या घरी जाऊन द्यायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं. पावती कधी मागितली नाही, कारण मागणं बरं दिसलं नसतं. पुढे मालक वारले, त्यांच्या पत्नी निरुपमाबेन अर्धांगाने बिछान्याला खिळल्या आणि कारभार मुलाच्या हातात आला. हा हार्दिक. शाळेत असताना त्याच्या चड्डीची शिवण उसवली की आत्याच घालून द्यायची. तो तिला मासी म्हणतो. अजूनही म्हणतो.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. तो लागायच्या आधीचा रविवार, म्हणजे दिव्यांच्या अवसेचा आदला दिवस. आत्या समा भागात माझ्याकडे जेवायला आली होती. अवसेसाठी दिवे घासायचे आहेत म्हणून चारलाच निघाली. पाचला पोळात पोचली तर तिच्या दाराला तिचं कुलूप नव्हतं. दुसरंच होतं, मोठं, नवं कोरं. खालून हार्दिक वर आला आणि अगदी अदबीने म्हणाला, "छत पडवा जेवी छे, मासी. तमारा माथा पर पडे तो? रिपेर करावीने पाछी आपीश." छत डोक्यावर पडलं तर काय, दुरुस्त करून खोली परत देतो. आत्याला पहिली काळजी वाटली ती आतल्या साड्यांची. लोकांच्या सव्वीस साड्या होत्या. हार्दिकने दहा मिनिटं दार उघडून दिलं. साड्यांचं गाठोडं आणि शिलाईमशीन त्याने स्वतः खाली आणून रिक्षात ठेवलं.

ती रिक्षा माझ्या सोसायटीत आली तेव्हा मी भडकले. तिला ओढत चौकीवर नेलं. तिथे शांतपणे ऐकून घेतलं आणि घरमालक-भाडेकरूचं आहे, आपसात मिटवा, असं सांगितलं. आत्यालाही तेच हवं होतं. "मिटेल गं. हार्दिक काय परका आहे?" ती म्हणाली. मी, माझा नवरा उत्कर्ष आणि आत्या, आम्ही तिघांनी ते खरं मानलं. आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न, असं मी शेजारी सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या आठवड्यात विचारायला गेलो, तर अधिक महिना लागलेला. अधिकात बांधकाम कसं काढणार, हार्दिक म्हणाला. आत्याने मान डोलावली. मग पाऊस होता. मग पितृपक्ष, आणि तो तर तिने स्वतः काढून दिला. हार्दिकने तोंड उघडायच्या आत ही म्हणते, "आता श्राद्धाचे दिवस आलेत भाई, त्यात नको प्रवेश." तो हसला आणि म्हणाला, बरोबर छे. नवरात्रात गरबा. दिवाळीला गवंडी दाहोदकडे आपल्या गावी गेले. लाभपाचमेला दुकानं उघडली, गवंडी काही उगवले नाहीत. मग लग्नसराई. आणि डिसेंबरची सोळा तारीख आली तसा कमुरता बसला. "कमुरतामां घरमां प्रवेश ना थाय, मासी. उत्तरायण पछी पाक्कुं." आत्या घरी येऊन मला म्हणाली, "पाक्कुं म्हणाला."

इकडे तिचं काय चाललं होतं ते मी रोज बघत होते. मी तिला कपाटाचे दोन खण रिकामे करून दिले, तिने ते कधी वापरले नाहीत. सहा महिने एका पिशवीतून कपडे काढले आणि त्याच पिशवीत ठेवले. पहाटे चारला अंथरूण गुंडाळायची आणि हॉलमध्ये फेऱ्या घालायची. तिथे जागा पुरेना तेव्हा सोसायटीच्या आवारात घालायला लागली. वॉचमनने मला विचारलं, मासींना काही त्रास आहे का. लिफ्टमध्ये ती चढत नसे, सहाव्या मजल्यावरून दिवसातून तीनदा खाली-वर. वाडीत ती कधी इतकी चालली नव्हती. तिथे दाराशी बसलं की माणसंच येऊन जात. इथे दारं बंद. मशीनवर बसली तरी दोन फुटांची शिवण घालून उठायची, खिडकीशी जायची, परत बसायची. जेवताना मध्येच विचारायची, "आज किती तारीख?"

आणि मी? मला तिची फार दया येत होती आणि तिचा तितकाच कंटाळाही येत होता. दोन्ही खरं आहे. हॉलभर साड्या, सोफ्यावर सुया, माझी मुलगी सानवी अभ्यासाला बसली की मशीनची घरघर. हार्दिकने नवी तारीख दिली की मला आतून बरंच वाटायचं, कारण आज भांडण नको. मी शिकलेली, बँकेत नोकरी करणारी बाई, सहा महिन्यांत एकदाही कुणा वकिलाला विचारलं नाही. हे मी आज लिहिते आहे ते स्वतःला माफ करून नाही.

बारा जानेवारीला, शुक्रवारी संध्याकाळी, खालच्या मजल्यावरची अवंती बिडिंगला साडी घेऊन आली. ती दिवाणी वकिली करते. घराणं जुन्या संस्थानी अधिकाऱ्यांचं, बोलणं तुटक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नेसायची होती, सोमवारपर्यंत मिळेल का, तिने विचारलं. आत्या म्हणाली, मिळेल, पण माझ्या घरी असते तर आत्ताच करून दिली असती, इथे माझं दोऱ्यांचं कपाट नाही. त्यावरून विषय निघाला. अवंती आधी उभी होती, ती बसली.

"कुलूप कधी बदललं, मावशी? तारीख सांगा."

"दिव्यांच्या अवसेच्या आदल्या दिवशी."

अवंतीने मोबाइलवर पाहिलं. "सोळा जुलै." मग तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने आत्याला समजावून सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. घर कुणाच्या मालकीचं आहे हे कोर्ट विचारणारच नाही. पावती आहे का, तेही नाही. त्या दिवशी आत कोण राहत होतं आणि त्याला कोर्टाच्या हुकमाशिवाय, त्याच्या मर्जीविरुद्ध बाहेर काढलं का, एवढंच बघतात. काढलं असेल तर आधी ताबा परत, मग मालकाला काय सांगायचं ते त्याने रीतसर सांगावं. मालकालाही भाडेकरूला असं परस्पर काढता येत नाही.

"मग झालं तर," आत्या म्हणाली. "उत्तरायण होऊ दे, नाहीच दिलं तर जाऊ."

"सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, मावशी. सोळा जानेवारी शेवटचा दिवस. त्यानंतर हा रस्ता बंद. दुसरे रस्ते आहेत, पण लांबचे, आणि त्यात पावत्या लागतात." तिने बोटांवर मोजलं. "उद्या दुसरा शनिवार. परवा रविवार, उत्तरायण. सोमवारी वासी उत्तरायणाची सुट्टी. कोर्ट उघडणार थेट मंगळवारी. सोळा तारखेलाच."

आत्या उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. त्या वर्षी आमची संक्रांत पंधराला होती. म्हणजे मंगळवार सोळा जानेवारी, करिदिन.

"त्या दिवशी नाही," ती म्हणाली.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. सानवी खोलीतून बाहेर आली इतकं बोलले. आत्या एकच सांगत राहिली: करिदिनी सुरू केलेलं काम नासतं, तिच्या आईने एकदा त्या दिवशी नवी चूल मांडली होती आणि पुढे जे झालं ते तिने डोळ्यांनी पाहिलं आहे. घराचं काम आहे, त्याच दिवशी कसं मांडू? शिवाय हार्दिकने उत्तरायणानंतर म्हटलं आहे. अवंतीने वाद घातला नाही. आधारकार्ड आणि गॅसचं पुस्तक यांचे फोटो मोबाइलवर घेतले आणि म्हणाली, कागद मी तयार ठेवते, सही त्यांची लागेल.

रविवारी आत्या तिळगूळ घेऊन वाडीत निघाली, मीही मागे लागले. पोळात वर बघितलं तर आकाश पतंगांनी भरलेलं, गच्चीगच्चीवर स्पीकर, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. समोरच्या घरातल्या रखमाबाईंनी आम्हाला हाका मारून गच्चीवर नेलं. या ऐंशीच्या आहेत आणि पोळातलं सगळं त्यांना दिसतं. त्यांनी बोरं-शेंगदाण्याचं ताट आमच्यापुढे ठेवलं, आत्याचा हात धरला आणि गच्चीच्या कठड्याशी नेऊन म्हणाल्या, "तुझी बारी बघ."

बारी म्हणजे खिडकी. आत्याच्या खोलीची ती खिडकी त्या गच्चीच्या जरा खाली, गल्लीच्या पलीकडे, हात लांब केला तर शिवता येईल इतक्यावर आहे. ती उघडी होती. छत जसंच्या तसं होतं, चुन्याचा एक पोपडासुद्धा कुणी काढला नव्हता. गवंड्याचं काही नाही, वाळू नाही, परात नाही. आत्याचा पलंग उभा करून भिंतीला टेकवलेला. भांडी एका कोपऱ्यात लोटलेली. बाकी सगळ्या खोलीत, जमिनीपासून वरपर्यंत, हार्दिकच्या धंद्याची खोकी. कागदी डिश आणि वाट्या.

"दसऱ्यापासून भरतोय," रखमाबाई म्हणाल्या. "कुलूप बदलायला माणसं आली तेव्हाही मी इथेच होते. मला वाटलं तुला माहीत आहे."

आत्या बराच वेळ बघत राहिली. मग खाली उतरली, पदर सावरला आणि हार्दिकच्या गच्चीवर गेली. मला वाटलं आता ही त्याला फाडून खाणार. तिने त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. हार्दिकच्या बोटांना मांज्याच्या चिरा पडल्या होत्या, त्यांवर पट्ट्या होत्या. वाकून नमस्कार केला त्याने.

"हार्दिक, उत्तरायण आलं. चावी?"

"पाक्कुं, मासी. बुधवारे सवारे लई जजो."

"मंगळवारी येते."

त्याने जिभेने च्च केलं, अगदी प्रेमाने. "मंगळवारे तो तमारे मराठीओमां करिदिन ने? एवा दिवसे घरमां पग ना मुकाय. बुधवारे आवजो."

बुधवार म्हणजे सतरा तारीख, मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्याला करिदिन पाठ होता. त्याला सगळंच पाठ होतं, अधिकापासून. मी आत्याकडे पाहिलं. तिने मान डोलावली, जशी सहा महिने डोलावत आली होती, आणि आम्ही निघालो.

सोमवारी आत्याने अवंतीची साडी नेऊन दिली, दुसरी घेतली, उसवली, परत शिवली, परत उसवली. हॉल ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते गॅलरी. मी तिला काही विचारायला गेले की पाणी प्यायला उठायची. मी उत्कर्षला म्हटलं, मी हात टेकले, तिचं घर तिला नको असेल तर मी काय करू. ते तिने ऐकलं असावं.

मंगळवारी सकाळी सहाला मी उठले तर ती नेसून तयार होती. हातात तीच पिशवी.

"अवंतीला फोन लाव."

"आत्या, आज करिदिन आहे," माझ्याच तोंडून निघालं.

"ठाऊक आहे. मी देवाचे दिवस म्हणून पाळत होते, तो माझे दिवस मोजत होता." तिने पिशवी खांद्याला लावली. "नासलं तर माझ्या हातून नासू दे. त्याच्या नको."

दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात तो दिवस कसा गेला ते आठवलं तरी मला धाप लागते. सुट्ट्यांनंतरचा पहिला दिवस, तोबा गर्दी. नोटरीपुढे रांग. आत्याने पेन हातात घेतलं आणि डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, मग सही केली, तर सही ओळीच्या बाहेर गेली. ती परत करावी लागली. वकीलपत्रावर एक शिक्का कमी निघाला. मग झेरॉक्स पुसट म्हणून परत काढून आणली. मी जिने चढत-उतरत होते, अवंती फायलीमागे धावत होती, आणि गंमत म्हणजे आत्या बाकावर स्वस्थ बसली होती. सहा महिन्यांत ती पहिल्यांदा इतका वेळ एका जागी बसलेली मी पाहिली. पावणेपाचला दाव्याला नंबर पडला. अवंतीने तो नंबर कागदावर लिहून तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "आता चहा पाज."

पुढचं लगेच झालं असं समजू नका. तारखा पडल्या, वर्ष उलटलं. हार्दिकचं म्हणणं, बाई राजीखुशीने खोली सोडून गेल्या. त्याच्या वकिलाने आत्याला पिंजऱ्यात उभं करून विचारलं, साड्या तुम्ही स्वतः नेल्या ना, मशीन स्वतः नेलं ना, मग घर सोडलं नाही तर काय केलं? आत्या म्हणाली, "साड्या लोकांच्या होत्या, त्या द्यायच्या होत्या. मशीनशिवाय त्या झाल्या नसत्या. माझं एक पातेलं नेलं का ते विचारा त्याला. माझे देव नेले का? देव ठेवून कोण घर सोडतं?" न्यायाधीश साहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. रखमाबाईंनी साक्ष दिली, कान जरा कमी ऐकतात पण डोळे शाबूत आहेत हेही सांगितलं. निकाल आत्याच्या बाजूने लागला.

ताबा द्यायला कोर्टाचा बेलिफ आला त्या दिवशी मी रजा घेतली. कुलूप तोडलं, खोकी बाहेर निघाली, पंचनामा झाला. हार्दिक खाली उभा होता, वर आला नाही. देव धुळीने माखले होते, आत्याने आधी ते पदराने पुसले. मग पलंग आडवा केला, त्यावर बसली आणि खूप रडली. मीही रडले. संध्याकाळपर्यंत पोळातल्या बायकांच्या साड्या यायला लागल्या.

दोन महिने झाले असतील, तिचा बँकेत फोन आला. हार्दिकने दावा लावला होता. जागा धंद्याला हवी आहे, भाडेकरूने खाली करून द्यावी. या वेळी रीतसर, वकिलामार्फत, कोर्टातून. मी तशीच स्कूटर काढली आणि वाडीत पोचले तेव्हा माझं डोकं फुटायची वेळ आली होती. आत्या मशीनवर बसली होती. समन्सचा कागद बाजूला स्टुलावर होता. मी तो दोनदा वाचला.

"म्हणजे परत पहिल्यापासून?" मी म्हटलं. "एवढं करून काय मिळवलं आपण?"

"अवंतीला दाखवू. लढायचं. हरेनही, सांगता येत नाही, घर त्याचंच आहे." तिने शिवण संपवली, दोरा तोडला, साडीची घडी घातली. "पण शलाका, समन्स घेऊन तो कोर्टाचा माणूस आला ना, त्याने दार वाजवलं. मी पूजेला बसले होते. आतून म्हटलं, थांबा जरा. तर थांबला गं तो. मी आरती पुरी करून उठेपर्यंत दाराबाहेर उभा राहिला."